उस्तादांना विचारा : फॉरेस्टर तापायली, हेड उतरवू का?

मागच्या अंकात टायरांबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की रस्त्यात कुठं शेवरलेची फॉरेस्टर दिसली तर ती सुबारूच समजा. त्या ओळीवर टायरांपेक्षा जास्त पत्रं आली. कुणाकडं गाडी आहे, कुणाचा लेक परदेशात ती चालवतोय, आणि एका पठ्ठ्याला तिचं नुसतं इंजिनच पाहिजे आहे. मस्कतच्या गॅरेजात असताना या गाड्यांखाली मी पुष्कळ पाठ घासलीय. जालन्यात आल्यापासून त्या क्वचितच भेटतात. तेव्हा या वेळचं सदर त्यांच्या नावानं.

प्रश्न : रामराम उस्ताद. माझ्याकडं २००५ची फॉरेस्टर आहे, २ लिटर पेट्रोल. गावात, हायवेला काही तक्रार नाही. पण चाळीसगावकडून औट्रम घाट चढताना एसी लावला की काटा वर सरकायलाय. घाटमाथ्यावर थांबून पाणी घालावं लागतं. आमच्या मेस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून टाकला, फरक पडला नाही. आता तो म्हणतो हेड गॅस्केट गेलं, इंजिन उतरवावं लागंल. शेतातल्या शेडमधी चेन ब्लॉक आहे, पानेपेटी आहे, मुलगा आयटीआय झालेला आहे. आम्हीच उतरवावं म्हणतो. कसं करावं?
— निवृत्त शिक्षक, कन्नड

उत्तर : गुरुजी, चेन ब्लॉक तूर्त बोअरच्या मोटारीसाठीच राहू द्या. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि ते इंजिनाच्या ब्लॉकला जिथं बसतं तिथलं पातळ सील म्हणजे गॅस्केट. ते गेलेलं असेलही, पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून ते ठरत नाही.

आधी गाडीची ओळख करून घ्या, कारण मेस्त्रीची गडबड तिथंच झालेली दिसते. जनरल मोटर्सनं १९९९मध्ये सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये २० टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं आणि २००५मध्ये तो विकूनही टाकला. मधल्या त्या सोयरिकीत सुबारूची फॉरेस्टर शेवरलेचा बिल्ला लावून आपल्याकडं आली. तुमच्या बोनेटखाली सुबारूचं ईजे२० जातीचं इंजिन आहे, १९९४ सीसी. त्याचे सिलिंडर उभे नाहीत. दोन डावीकडं, दोन उजवीकडं आडवे पडलेले. म्हणून हेड दोन आणि गॅस्केटही दोन. १९६६च्या सुबारू १००० या गाडीपासून कंपनी ही रचना धरून आहे. वजन खाली राहतं, वळणावर गाडी रस्ता सोडत नाही, हा तिचा फायदा. प्लग बदलायला बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा बाजूला काढून चॅसीच्या फटीत हात घालावा लागतो, हा तोटा.

‘सुबारूची गॅस्केटं जातात’ ही जी ख्याती आहे ती मुख्यतः अडीच लिटरच्या इंजिनाची. दोन लिटरच्या सिलिंडरचा व्यास ९२ मिलिमीटर, अडीचचा ९९.५. भोक वाढवलं, पण दोन सिलिंडरांच्या मधलं अंतर वाढवलं नाही, त्यामुळं गॅस्केटला बसायला उरलेली कड बारीक झाली. तुमच्या इंजिनाला ती कड बऱ्यापैकी आहे. माझ्या संशयितांच्या यादीत गॅस्केट शेवटच्या नंबरावर.

आता घाटाचा विचार करा. हायवेला ८०च्या वेगात वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. घाटात तुम्ही ट्रकच्या मागं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, इंजिनावर पुरा भार, वर एसी. तिथं वारा नसतो. पंखे आणि रेडिएटर यांच्याच जिवावर सगळं. म्हणजे दुखणं बहुतेक करून पुढंच आहे, इंजिनाच्या पोटात नाही.

गाडी सावलीत लावा, इंजिन गार असताना चालू करा आणि एसी लावा. रेडिएटरमागं दोन इलेक्ट्रिक पंखे आहेत, दोन्ही फिरले पाहिजेत. एकच फिरला तर दोघांच्या रिले (पंख्याला वीज सोडणारे छोटे स्विच) आपसात बदलून बघा. बंद पंखा चालू झाला आणि चालू बंद पडला, तर दोष रिलेचा, कामच संपलं. नाही बदललं तर पंख्याची मोटार किंवा वायरिंग. एवढं तपासायला एक पानाही लागत नाही.

मग बॅटरी (टॉर्च म्हणतोय मी) घेऊन रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी यांच्या मधल्या फटीत बघा. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि सगळे फसतात. कापसाच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर ट्रकमधून उडालेला कापूस, त्यावर काळ्या मातीची धूळ, त्यात किडे, असा एक जाड थर त्या फटीत बसतो. एका गाडीतून मी तो काढला तेव्हा तो अख्खा निघाला, वाकळीच्या तुकड्यासारखा, त्यावर रेडिएटरच्या पात्यांचे वळ उमटलेले. वरच्या क्लिपा आणि बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागं ओढला की फट उघडते. पाणी आतून बाहेरच्या दिशेनं मारा, साध्या पाइपानं. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं की पातळ पाती आडवी होतात आणि उरलासुरला वाराही बंद होतो.

आता गॅस्केटची परीक्षा, तुमच्या समाधानासाठी. सकाळी इंजिन रात्रभर गार झालेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडा (तापलेलं कधीच नाही), कूलंट तोंडापर्यंत भरा, झाकण लावा आणि गाडी चालू करा. शेजारच्या कूलंटच्या बाटलीत बघत बसा. सुरुवातीला चार बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा. इंजिन तापून पंखे एकदोनदा फिरून गेल्यावरही बुडबुडे येतच राहिले आणि बाटलीला सायलेन्सरसारखा वास आला, तर सिलिंडरातला धूर पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी एक निळं रसायन मिळतं. बाटलीतली हवा त्यातून ओढली आणि ते पिवळं पडलं, तर गॅस्केट गेलं म्हणून समजा. नुसतं ऑइल बघून निकाल देऊ नका. ऑइल दुधाळ झालं नाही म्हणजे गॅस्केट शाबूत, असं या इंजिनात नसतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही : घाटमाथ्यावर पाणी कुठलं घालता? तिथल्या हॉटेलातलं असेल, म्हणजे बोअरचं. गिझरच्या कॉइलवर पांढरं जे बसतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसायलंय. जपानी गाड्यांच्या कूलंटमध्ये बहुधा फॉस्फेट असतं. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचं जमत नाही, दोन्ही मिळून गाळ धरतात. युरोपातल्या कंपन्या तिकडच्या जड पाण्यामुळंच फॉस्फेट टाळतात. आपलं पाणी काही त्यांच्याहून हलकं नाही. शिवाय हेड ॲल्युमिनियमचं आहे, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ते वाकतं. ज्या गॅस्केटला काही झालेलं नाही ते असं पाणी घालून घालवता येतं.

तेव्हा सगळं पाणी काढून टाका, डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा धुवा, मग जपानी गाडीला चालणारं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण कॅनवरचं नाव वाचून घ्या; शेजारीच ॲसिडचा कॅन ठेवलेला असतो. तीन-चारदा धुऊनही रेडिएटरचा खालचा भाग हाताला गार आणि वरचा चटका देणारा लागला, तर तो आतून बुजलाय, नवा घ्या.

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला वाट देणारी झडप) परत बसवा. तो काढणं हा आपल्याकडचा जुना इलाज, पण त्यानं इंजिन वेळेवर तापत नाही, कॉम्प्युटर गार इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि मूळ दुखणं तिथंच राहतं. या इंजिनात थर्मोस्टॅट खाली असतो, वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) तोंडाशी, जिथं रेडिएटरचा खालचा पाइप येतो. इथं स्वस्तातला लावू नका, सुबारूचाच मागवा.

भरताना घाई करू नका. आडव्या इंजिनात हवा अडकते आणि मग धडधाकट गाडीही तापते. पुढची चाकं उतारावर चढवून नाक वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो तो सैल करा, आणि लहान धारेनं भरा. स्क्रूतून कूलंट यायला लागलं की बंद करा. इंजिन चालू करून हीटरमधून गरम वारा येतो का बघा. काटा वर आणि हीटर गार, म्हणजे आत हवा आहे किंवा कूलंट कमी आहे. आणि काट्यावर फार विसंबू नका. या गाडीचा काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही, तो हलला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन रेडिएटरच्या वरच्या टोकाचं तापमान बघत जा. कोरोनात कपाळाला लावायचे ते घरातले काढू नका, ते ताप मोजायचे आहेत, पन्नाशीच्या आतच हात टेकतात.

एवढं करून परीक्षेत गॅस्केटच निघालं, तर मग काढा चेन ब्लॉक. खरं तर हे इंजिन बाहेर काढूनच काम सोपं जातं. दोन्ही बाजूंची गॅस्केटं बदला, अनेक पत्र्यांची स्टीलची घ्या, दोन्ही हेडं फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करून घ्यायला) द्या, आणि इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर बॉडी, क्लच उरकून घ्या. सामान शेवरलेच्या नावानं मागू नका. जनरल मोटर्सनं २०१७च्या अखेरीस इथली विक्रीच थांबवली, दुकानदार हात वर करतात. सुबारूच्या पार्ट नंबरनं मागितलं तर मुंबईत कुर्ल्याला जुनं आणि दुबईहून नवं मिळू शकतं. सुबारूच्याच इम्प्रेझा गाडीचं बरंचसं सामान चालतं.

प्रश्न : उस्ताद, सादर नमस्कार. मुलगा न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला नोकरीला आहे. २००४ची सुबारू आऊटबॅक, अडीच लिटर, ऑटोमॅटिक, स्वस्तात मिळते म्हणून घ्यायची म्हणतो. दुरुस्ती व्हिडिओ बघून घरीच शिकेन म्हणतो. मला गाडीतलं काही कळत नाही. फोनवर त्याला काय विचारू?
— गृहिणी, नांदेड

उत्तर : ताई, तुम्ही वरचं गुरुजींचं उत्तर त्याला फोटो काढून पाठवा, कारण ती बारीक कडेची अडीच लिटरवाली हीच. या वर्षांच्या इंजिनात गॅस्केट बहुतेकदा बाहेरच्या बाजूनं पाझरतं. त्याला विचारा, गाडीखाली वाकून हेड आणि ब्लॉक जिथं जुळतात त्या खालच्या कडेला बघितलंस का? ओलं असेल तर तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही. वरच्या टॅपेट कव्हरचं ऑइलही तिथंच ओघळतं. कड पुसून त्यावर टाल्कम पावडर मारायची, फेरी मारून यायचं, ओल कुठून सुरू झाली ते पावडरीवर उमटतं.

दुसरं विचारा, टायमिंग बेल्ट कधी बदलला, पावती आहे का? ‘बदललाय म्हणे’ हे उत्तर ‘नाही’ असं धरायचं. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो. अमेरिकेत कंपनी १,०५,००० मैलांना बदला म्हणते. पावती नसेल तर किंमत तेवढी पाडून घ्यायची आणि आल्या आल्या बदलायचा. नुसता बेल्ट नाही, रोलर आणि टेन्शनरसकट. हे काम घरी करता येतं. त्याला माझे दोन निरोप द्या. क्रँकच्या चाकावर एक ठसठशीत बाण असतो, तो जुळवायचा नाही; त्याच चाकाच्या मागच्या कडेवर बारीक रेघ असते, ती जुळवायची. बाण बघून बसवलेली इंजिनं मी दुसऱ्यांच्या हातची दुरुस्त केलीत. आणि काम सुरू करायच्या आधी रेडिएटरच्या आतल्या बाजूला जाड पुठ्ठा लावायचा, म्हणजे पाना निसटला तर रेडिएटर फुटणार नाही.

तिसरं, चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले आहेत का? चारही चाकांना ताकद जाते, त्यामुळं घेरात पाव इंचाहून जास्त फरक कंपनीला चालत नाही. एक नवा आणि तीन गुळगुळीत असले की आतला क्लच झिजतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवायला सांगा. गाडी अडखळत, हिसके देत फिरली तर सोडून द्या म्हणावं, दुसरी बघ.

बाकी चाकाचा घुंगुर्र आवाज, ॲक्सलचं फाटलेलं रबर आणि त्यातलं ग्रीस सायलेन्सरवर जळाल्याचा वास, ही कामं किरकोळ आहेत. तिकडं गाडीची ठरावीक मुदतीनं तपासणी सक्तीची असते, त्याचा ताजा कागद मागायचा. पण त्या तपासणीत ब्रेक, टायर, दिवे बघतात. इंजिनाची तब्येत नाही.

आणि ताई, जॅकवर गाडी उचलून तशीच खाली शिरतोस की घोडी (गाडीखालचा पक्का टेकू) लावतोस, हे मात्र दर वेळी विचारा. तुम्ही विचारलंत तर तो लावील.

प्रश्न : उस्ताद, माझ्याकडं मारुती जिप्सी आहे. कुर्ल्यात एकाकडं सुबारूचं इंजिन स्वस्तात आहे. जिप्सीत बसवायचं मनात आहे, आवाज लई भारी येतो. जमंल का?
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : जमवणारे जगात आहेत, भाऊ. जर्मन फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनमध्ये लोक ही इंजिनं घालतात, छोट्या जायरोकॉप्टरवरसुद्धा सुबारूची जुनी इंजिनं उडालीत. पण त्या व्हॅनमध्ये मुळातच आडवं इंजिन होतं, जागा तयार होती. जिप्सीच्या दोन चॅसींच्या मधी उभं १३०० सीसीचं इंजिन बसतं. तिथं रुंदीला पसरलेलं हे इंजिन घालायचं तर चॅसी, स्टिअरिंग, सायलेन्सर सगळ्याशी मारामारी. वायरिंग आणि कॉम्प्युटर पूर्ण मिळाला नाही तर नुसतं लोखंड घरी येईल. भंगारातलं इंजिन सहसा वायरी कापूनच काढलेलं असतं.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी करायची नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९मध्ये तेच ठासून सांगितलं. मालकानं फेरफार केला तर एकेका फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड तू भरशील. अपघात झाला आणि विमा कंपनीनं आरसी बुकावरचा इंजिन नंबर ताडून बघितला, तर तो खर्च घरच्यांना झेपणार नाही.

तुझ्या पैशात जिप्सीचंच इंजिन चांगलं बांधून घे, शॉकअप बदल, किंगपिनची बेअरिंगं आणि ब्रेक बघ. ज्या जिप्सीला लोक ‘हलते’ म्हणतात तिची अर्धी हालचाल तिथंच असते. आवाजाचं म्हणशील तर सुबारूचा तो घुमणारा आवाज इंजिनाचा कमी आणि कमी-जास्त लांबीच्या एक्झॉस्ट पाइपांचा जास्त. तुमच्या गल्लीला तो तुझ्याइतका आवडेल असं वाटत नाही.

प्रश्न : रेडिएटर बारीक गळत असेल तर हळद टाकतात, ते खरं की थट्टा?
— शिक्षिका, परभणी

उत्तर : खरं आहे, बाई. जुन्या जीप आणि ट्रकच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला ड्रायव्हर लोक हळद टाकत आलेत. पूड भोकाशी जाऊन फुगते, गळती मंदावते, गाडी गावापर्यंत येते. तुमच्या गाडीचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, बारीक नळ्यांचा असेल. त्यात हळद भोक शोधण्याआधी नळ्या शोधते. हीटरची जाळी तर सगळ्यात आधी बुजते.

थट्टा करणाऱ्यांना मात्र एवढं सांगा, की खुद्द सुबारूनं अमेरिकेत १९९९ ते २००२च्या अडीच लिटरच्या गाड्यांना, गॅस्केट बाहेरून पाझरू नये म्हणून, कूलंटमध्ये ओतायची एक छोटी बाटली काढली होती आणि पुढं दर वेळी कूलंट बदलताना ती टाकायला सांगितलं होतं. अर्थात ती त्या इंजिनावर तपासून काढलेली होती. स्वयंपाकघरातली नव्हे.

रानात अडकलातच आणि दुसरा इलाज नसेल, तर अर्धा चमचा, तोही इंजिन गार झाल्यावर. गावात पोचलात की त्याच दिवशी सगळं पाणी काढून रेडिएटर धुवा आणि मग दुरुस्तीला द्या. तांब्या-पितळेचा असला तर झाळून मिळेल, ॲल्युमिनियमचा बहुधा बदलावाच लागेल.